दोन डाव्या बाह्या

माणसाने आपली जबाबदारी आपल्याच खांद्यांवर पेलावी, ती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांचा शिंप्याशी कधी संबंध आला नसावा. कापड आटलं तर गिरणीचा दोष, कोट पोटावर घट्ट झाला तर गिऱ्हाइकाच्या जेवणाचा दोष, आणि वेळेवर झालाच नाही तर ‘फक्त काज-बटण राहिलंय’. या वाक्याचा अर्थ कापडाला अजून कात्रीसुद्धा लागलेली नाही असा होतो, हे कळायला गिऱ्हाइकाला दोन-तीन कपडे शिवून घ्यावे लागतात. बायकोला एक संसार पुरतो.

मास्तरांच्या बायकोचा बावीस वर्षांचा झाला होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपड्यांचे. बाजारामागच्या रस्त्यावर त्यांचं दुकान. पुढे कापायचं लांब टेबल, बाजूला मशीन, भिंतीला माणसाहून उंच आरसा, आणि मागच्या दारातून आत गेलं की त्यांचं घर. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असं लोक म्हणत. तो मिळेल कधी, याबद्दल कोणी काही म्हणत नसे.

चार वर्षांपूर्वी मास्तरांची कंबर धरली. डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. पडलेला शिंपी हा अत्यंत त्रासदायक प्राणी असतो. त्याला छताच्याही शिवणी उसवलेल्या दिसतात. तेव्हा बायकोनेच त्यांच्या फोनवर एक खेळ घालून दिला. “पडल्या पडल्या जीव रमेल,” म्हणाली, आणि सोबत म्हणून स्वतःच्या फोनवरही घेतला.

खेळ तसा निरुपद्रवी होता. त्यात कोणी कोणाला मारत नव्हतं. प्रत्येकाला समुद्रात एक बेट मिळायचं, बेटावर मेंढ्या असायच्या, आणि दर चार तासांनी मेंढ्यांची लोकर काढायची. लोकर तयार झाली की फोन ‘टिंग’ करायचा. बायकोने आपल्या बेटावर एक बाक टाकला, बाकाशेजारी लिंबाचं झाड लावलं, आणि अकराव्या दिवशी तिला कंटाळा आला. तिने खेळ बंद केला तेव्हा तिच्या नावाची चित्रातली छोटी बाई समुद्राकडे तोंड करून बाकावर बसलेली होती. ती तशीच बसून राहिली.

मास्तरांची कंबर तीन आठवड्यांत सुटली. खेळ सुटला नाही.

चार वर्षांत त्यांच्या तीनशे बारा मेंढ्या झाल्या. दुकानात खऱ्या लोकरीचे गठ्ठे कातरीची वाट बघत पडलेले, आणि मास्तर बोटाने खोटी लोकर काढण्यात गर्क, असं दृश्य गिऱ्हाइकांच्या अंगवळणी पडलं. पण मास्तरांची खरी ओढ मेंढ्यांकडे नव्हती. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते चित्रातल्या होडीत बसून बायकोच्या बेटावर जात, लिंबाला पाणी घालत, आणि बाकावरच्या बाईला हात करत. हात करायला एक बटण होतं. बाई काही उलटा हात करत नसे. तरी आज ना उद्या करील, असं मास्तरांना वाटे. ती आली, आणि झाड वाळलेलं दिसलं, तर काय म्हणेल? सात दिवस पाणी नाही मिळालं की झाड मरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कोणी सांगितलं, ते आठवत नव्हतं. सात दिवस बघितलं नाही तर मेंढ्या जातात, तेव्हा झाडही जाणारच, हा सरळ हिशेब होता.

ज्या बाईची ते वाट पाहत होते ती या सगळ्या काळात मागच्या खोलीत, हाकेच्या अंतरावर, दोन ताटं वाढून बसलेली असे. ही गोष्ट मास्तरांच्या लक्षात आलीच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. एकदा आली होती. तेवढ्यात टिंग झालं.

दोन महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरातला दिवा बदलताना ती स्टुलावरून पडली. आतून “अहो!” अशी हाक आली.

“आलोच,” मास्तर म्हणाले. “एवढं पाणी घालतो.”

हे ‘आलोच’ दीड तास चाललं. तोवर ती आपली आपण उठली, घराच्या मागच्या दाराने एकटी दवाखान्यात गेली, डावं मनगट प्लास्टरमध्ये घालून आली, उजव्या हाताने बॅग भरली आणि मोठ्या बहिणीकडे निघाली. मास्तर दारापर्यंत मागे गेले.

“अगं, पण तुझ्याच झाडाला घालत होतो!”

एवढं सांगितल्यावर प्रकरण मिटेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

पुढे मास्तर रोज फोन करत आणि रोज तो बायकोची बहीण उचले. परवा ती म्हणाली, “मास्तर, ती बोलायची नाही. पण निरोप आहे. ते जांभळं कापड आठवतंय का?”

मास्तरांना आठवत होतं. अकरा वर्षांपूर्वी बायकोने स्वतःच्या कोटासाठी पसंत करून आणलेलं, पिकल्या जांभळाच्या रंगाचं जाड लोकरी कापड. एका बाजूने मऊ, केसाळ. दुसऱ्या बाजूने उघडं, चरचरीत. तेव्हापासून ते पेटीत होतं, आणि त्याचं फक्त काज-बटण राहिलं होतं.

“त्याचा कोट शिवा म्हणते. रविवारी ट्रायलला येईल. मग बघेल.”

“काय बघेल, ताई?”

“कोट बघेल. आणि त्यात तुम्ही कुठे दिसता का, ते बघेल. नाही दिसलात तर बाकीचं सामान मी आणायला लावणार आहे तिला. आमच्याकडे कपाट रिकामं आहे.”

मास्तरांनी त्याच दिवशी पेटी उघडली. त्याच वेळी वकीलसाहेब पॅन्ट न्यायला आले.

“फक्त काज-बटण राहिलंय,” मास्तर सवयीने म्हणाले.

“पॅन्टला काज किती असतात हो?”

“एकच. पण नाजूक काम.”

वकीलसाहेब स्टुलावर बसले. मास्तरांनी घरची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांच्यातला वकील जागा झाला. “असं बघा. खेळ बनवला कोणी? कंपनीने. टिंग कोण करतं? कंपनी. माणूस उठूच नये अशी योजना कोणाची? कंपनीची. आणि फोनमध्ये घातला कोणी? वहिनींनी. यात तुम्ही आहात कुठे?”

मास्तरांना फार बरं वाटलं. चार वर्षं आपण यात कुठेच नव्हतो, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलीच नव्हती.

“तुम्ही तर पीडित पक्ष,” वकीलसाहेब म्हणाले. “बरं, माझी पॅन्ट तीन आठवडे का झाली नाही?”

“कंपनी,” मास्तर म्हणाले.

वकीलसाहेबांनी थोडा विचार केला आणि आपला युक्तिवाद मागे घेतला.

गुरुवारी दुपारी मास्तरांनी कापड टेबलावर पसरलं. वहीत बायकोचं माप शोधलं. गावातल्या निम्म्या लोकांचे दंड, कंबरा आणि खांदे त्या वहीत होते. बायकोचं पान नव्हतं. स्वतःच्या बायकोचं माप काय घ्यायचं, ते डोळ्यांत असतं, असं म्हणून त्यांनी खडू उचलला. पाठ कापली, पुढचे भाग कापले. उरलेल्या कापडाचा एक कोपरा कसरीने खाल्ला होता, त्यामुळे बाह्यांना कापड दुहेरी घालता येईना. एकेरीच पसरून एकेक बाही कापावी लागणार होती. त्यात अवघड काही नाही. बाहीचा कागदी नमुना ठेवायचा, एक बाही कापायची, मग कागद उलटा करायचा आणि दुसरी कापायची. कागद उलटला नाही, तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. ही चूक शिकाऊ माणूस करत नाही, कारण तो घाबरलेला असतो.

मास्तरांनी डावी बाही कापली आणि टिंग झालं.

मेंढ्यांना दोन मिनिटं लागली. मेंढ्या झाल्याच आहेत, तर लिंबाकडे एक चक्कर मारावी, म्हणून ते होडीत बसले. सकाळी पाणी घातलं होतं, पुन्हा घातलं. बाकावरच्या बाईला हात केला आणि मनात म्हणाले, रविवारी येतेयस. मग फोन ठेवून टेबलापाशी आले आणि त्याच कागदाने, त्याच बाजूने, अत्यंत सफाईने दुसरी बाही कापली.

दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांना कळलं. एक उलटी करून पाहिली, तर केसाळ बाजू आत आणि चरचरीत बाजू जगाला. कापड संपलं होतं. असलं कापड विणणारी गिरणीही एव्हाना संपली होती.

संध्याकाळी फोन वाजला. या वेळी बहीण नव्हती.

“कुठवर आलं?” बायकोने विचारलं.

दोन महिन्यांनी ऐकलेला आवाज. मास्तरांना पुष्कळ काही बोलायचं होतं. तोंडातून आलं ते बावीस वर्षांच्या सरावाने आलं.

“फक्त काज-बटण राहिलंय.”

पलीकडून भांड्याचा आवाज आला, बहिणीच्या घरातल्या अनोळखी भांड्याचा.

“बरं,” ती म्हणाली.

शुक्रवार-शनिवार मास्तरांनी धावदोऱ्याने कोट उभा केला आणि रविवारी काय सांगायचं, त्याची आरशासमोर तालीम केली. कापडच कमी होतं. कसर लागली होती. वीज गेली होती. वकीलसाहेबांचं असं म्हणणं आहे की… हे शेवटचं त्यांना सर्वांत भक्कम वाटलं.

रविवारी ती आली, ती पुढच्या दाराने. गिऱ्हाईक येतात तशी. प्लास्टर निघालं होतं. मनगटावर फिकट पट्टा उरला होता. तिने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही. सरळ आरशासमोर उभी राहिली आणि हात मागे केले. मास्तरांनी कोट चढवला. डावी बाही छान बसली. उजव्या बाहीचं कोपर पुढे आलं आणि सगळी बाही पिळा घातल्यासारखी फिरली.

दोघांनी आरशात पाहिलं.

“ही बाही पाठीमागे कोणाला बघतेय?” बायको म्हणाली.

मास्तरांच्या तोंडात सगळी कारणं ओळीने उभी होती.

“कापड…” ते म्हणाले.

“हं. कापड काय?”

“कापड ठीक होतं.” त्यांनी टेप गळ्यातून काढून हातात धरली. “मीच कापल्या. दोन्ही डाव्या. मध्ये टिंग झालं. मेंढ्या झाल्यावर उठायचं होतं, उठलो नाही, पाणी घालायला गेलो. आल्यावर कागद उलटला नाही. मी.”

एवढं लांब आणि एवढं खरं वाक्य त्या दुकानात याआधी कोणी शिंप्याने उच्चारलं नव्हतं.

“पाणी कशाला?”

“लिंबाला.”

“कुठल्या लिंबाला?”

“तुझ्या.” मग त्यांनी सांगितलं. बेट, बाक, समुद्र, रोजचं पाणी. “तू तिथे बसलेली असतेस. मी रोज हात करतो.”

ती वळली. पिळलेली बाही तिच्यासोबत वळली नाही.

“अहो, मी आत होते,” ती म्हणाली. “स्वयंपाकघरात.”

“हो.”

“तिथून समुद्र दिसत नाही, म्हणून आला नाहीत का?”

मास्तर पिळलेली बाही सरळ करायला लागले. ती सरळ होईना.

“खांदे सैल झालेत,” ती म्हणाली. “हे माप कुठलं?”

“अंदाजाने.”

“कधीचा अंदाज?” ती वाट न बघता पुढे म्हणाली, “घ्या माप. वहीत लिहा.”

मास्तरांनी वहीचं कोरं पान काढलं. वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं असतं. त्यांनी ‘घरचं’ असं लिहिलं. मग टेप तिच्या पाठीवर धरली. खांदा त्यांच्या डोळ्यांतल्या मापापेक्षा एक इंचाने कमी भरला. छाती दीड इंचाने कमी. ही कधी वाळली? टेप मनगटाभोवती घेताना त्यांची बोटं फिकट पट्ट्यावर थांबली, आणि गिऱ्हाइकाच्या हातावर थांबावीत त्यापेक्षा जास्त वेळ थांबली.

“किती?” ती म्हणाली.

“सहा.”

“मग लिहा की.”

त्यांनी लिहिलं.

“डावी बाही राहू दे,” ती म्हणाली. “उजवी कुठल्याही कापडाची लावा.”

“वेगळी दिसेल. लोक विचारतील.”

“विचारू देत. सांगेन, नवरा खेळत होता. पुढच्या रविवारी येते. आणि आठवडाभर तो खेळ उघडायचा नाही.”

“झाड मरेल,” मास्तर म्हणाले.

“मरू दे.”

“तुझं आहे गं.”

“म्हणूनच सांगते.”

मास्तरांनी फोनचा आवाज बंद करून तो बटणांच्या डब्यात ठेवला, डबा कपाटात ठेवला, आणि कपाटासमोर इस्त्रीचं टेबल लावलं. पहिले दोन दिवस चार चार तासांनी त्यांच्याच डोक्यात टिंग होत होतं. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांची पॅन्ट तयार झाली. वकीलसाहेबांनी ती उजेडात धरून काज पाहिलं.

“वहिनी आल्या का?”

“नाही.”

“मग पॅन्ट कशी झाली?” ते संशयानेच घेऊन गेले. त्यांच्याच काळ्या कोटाचं उरलेलं कापड मास्तरांनी उजव्या बाहीला घेतलं. कागद उलटा केला. दोनदा तपासला.

चौथ्या दिवशी जेवायला बसताना ते चुकून तिच्या जागेवर बसले. तिथून काय दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दुकानाचं दार दिसत होतं आणि दारातून त्यांची खुर्ची. खुर्चीची पाठ. त्यांनी जेवण तसंच ठेवलं आणि बराच वेळ त्या पाठीकडे बघत बसले. ती वळेल असं वाटत होतं. मग त्यांना लिंब आठवलं. आज चौथा दिवस. पानं पिवळी पडली असतील. खरी बाई हवी असेल तर तिचं झाड मरू द्यायचं, हे त्यांना पटलं होतं. पण बाकावरची ती एकटी वाळक्या झाडाखाली बसली असेल, हे काही डोळ्यांपुढून हलेना.

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. “कुठवर आलं?”

मास्तरांनी कोटाकडे पाहिलं. “फक्त काज-बटण राहिलंय.”

पलीकडे भांडं वाजलं.

“अगं, खरंच फक्त काज-बटण राहिलंय!”

“बरं म्हटलं ना,” ती म्हणाली. तिने बरं म्हटलं नव्हतं.

रविवारी सकाळी सात दिवस पुरे होऊन आठवा लागला. आता जे व्हायचं ते होऊन गेलं, नुसतं शेवटचं बघून यावं, म्हणून मास्तरांनी इस्त्रीचं टेबल सरकवलं, डबा काढला आणि खेळ उघडला. त्यांच्या बेटावर एक मेंढी नव्हती. तीनशे बाराच्या तीनशे बारा गेल्या होत्या. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. होडीत बसून ते पलीकडे गेले.

लिंब हिरवंगार होतं. वर चार पिवळी लिंबंसुद्धा होती. बाई बाकावर बसली होती.

मास्तर खुर्चीत टेकले. त्या बेटावर पाणी घालू शकणारी माणसं दोनच होती. त्यातलं एक आठवडाभर बटणांच्या डब्याबाहेर होतं. म्हणजे ती आली होती! बहिणीच्या घरी, कुठल्याशा खोलीत, तिने खेळ उघडला, त्यांनी चार वर्षं जपलेलं झाड पाहिलं, आणि पाणी घातलं. मास्तरांनी हात करायचं बटण दाबलं. मग फोन ठेवला, दाढी केली, आणि कोटाला तिसऱ्यांदा इस्त्री केली.

ती पुढच्याच दाराने आली. कोट उचलून तिने पहिल्यांदा काजं मोजली.

“अय्या, खरंच काज-बटणच राहिलंय.”

“म्हटलं नव्हतं?”

“तसं तुम्ही बावीस वर्षं म्हणताय.” ती स्टुलावर बसली, सुईत दोरा ओवला आणि बटणं लावायला लागली. मास्तर शेवटचं काज पुरं करत समोर बसले. कंबर धरल्यापासून दोघं एका टेबलाशी बसले नव्हते. दोरा दाताने तोडत तिने विचारलं, “खेळ उघडलात?”

“आज सकाळी. एकदाच. मीच.”

“हं.”

“तुझे आभार मानायचे होते,” मास्तर म्हणाले. “पाणी घातलंस म्हणून.”

“कशाला पाणी?”

“लिंबाला. हिरवं आहे की. मी नाही घातलं, म्हणजे तूच.”

तिने सुई थांबवली. “अहो, फोन बदलून मला दोन वर्षं झाली. यात तो खेळ नाहीच आहे.”

“मग कोणी घातलं?”

“तिथे लिहिलेलं असेल ना कुठेतरी. आणा इकडे. तुम्हाला एक वाचायचा कंटाळा.” तिने त्यांचा फोन घेतला, मदतीचं पान शोधलं, आणि चष्मा न लावता फोन लांब धरून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग फोन पालथा करून टेबलावर ठेवला आणि शेवटचं बटण लावलं.

कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली. जांभळी डावी, काळी उजवी. खांदे बरोबर बसले होते.

“चांगला झालाय,” ती म्हणाली.

“बॅग…” मास्तर म्हणाले.

“ताईकडे आहे. बुधवारी येते. बॅग घेऊन की बिनबॅगेची, ते आज सांगत नाही.” दाराशी थांबून तिने दुकानातून आत, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. “दिवा बदललात का?”

“बदलला.”

“कोणी?”

“मी.”

ती गेली. काचेतून काळी बाही वळणापर्यंत दिसत राहिली. पलीकडची जांभळी दिसली नाही. मास्तरांनी हात केला. मग फोन सुलटा केला आणि ती जिथे थांबली होती ते पान वाचलं. तिसरा प्रश्न झाडांबद्दलचा होता, आणि उत्तर पहिल्या दिवसापासून तिथेच होतं: लिंब, गुलाब आणि नारळ ही शोभेची झाडं आहेत, त्यांना पाणी लागत नाही.